खुबा मोडला रावेरला, बसवला धुळ्याला

खानदेश पाहायचा तर लोक एसटीने जातात, गाडी करतात. मी तो ॲम्ब्युलन्समधून पाहिला. ज्यांना हा योग आला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते. बसायला बाजूची फळी मिळते. खिडकीची काच खालून अर्धी रंगवलेली असते, त्यामुळे मुलूख वरच्या अर्ध्या भागातच दिसतो. झाडांचे शेंडे, विजेच्या तारा, देवळांचे कळस, दुकानांच्या पाट्या. माणसं दिसत नाहीत. काही बिघडत नाही, माणसं पुढे भरपूर भेटतात.

प्रवासाचं कारण माझी धाकटी बहीण कमल. आम्हा दोघींचं माहेर धुळ्याकडचं. तिला सोनगीरला दिली, म्हणजे धुळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मला दिली पार रावेरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत. दिवाळी झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि मोरीत घसरून पडली. केळीच्या सालीवरून नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

उजवा पाय आखूड दिसायला लागला आणि पाऊल बाहेर वळलं. तिला हलवली की ती किंचाळायची. पण रडली नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, "अक्का, मी मरी गऊ ते चाली. पन सूनना हातवर संडासले जावानी पाळी माले नको."

सून, ज्योती, वाईट नाही. पण कमलने जन्मभर दुसऱ्यांचं केलं. सासूचं केलं, नवऱ्याचं केलं, दोघांनाही अंथरुणातून उचलून मोरीत नेलं. त्यामुळे काय असतं ते तिला चांगलं माहीत होतं. मरणाशी तिचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते मोरीपर्यंतच्या वाटेशी.

रावेर

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "खुबा मोडलाय. ऑपरेशन लागेल. इथे होत नाही. जळगावला रेफर करतो."

मी म्हटलं, "साहेब, जळगाव कशाला? हिचं गाव सोनगीर. धुळं तिच्या दारात आहे. मुलगा, सून, सगळी तिकडेच. सरळ धुळ्याला लिहा."

"तसं लिहिता येत नाही आजी. आमची वरची पायरी जळगाव. धुळ्याला पाठवायचं की नाही, ते जळगाव ठरवणार."

"म्हणजे मोडक्या खुब्याने जिना चढायचा."

तो हसला. हसला म्हणून मला आवडला. "पायरी सोडून जाता येतं की. स्वतःची गाडी करा आणि जा. पण चिठ्ठी नसली तर तिथे ओपीडीच्या रांगेत बसवतात. माझी चिठ्ठी असली तर गाडी सरकारची आणि सरळ खाट."

"रांगेत हिला बसवणार कशी? हिला बसताच येत नाही."

"म्हणून तर चिठ्ठी देतोय."

नियम कशासाठी, तेही त्याने सांगितलं. नियम नसला तर पडसं झालेली माणसंसुद्धा उठून मोठ्या दवाखान्यात जातात आणि खरे आजारी व्हरांड्यात पडून राहतात. हे मला पटलं. आमच्या शेजारचा तुकाराम ढेकर आला नाही तरी जळगाव गाठतो. पण तुकारामला अडवायला बांधलेल्या कुंपणातून कमलला जायचं होतं, एवढंच माझं म्हणणं.

जळगावच्या वाटेवर

सावदा, फैजपूर, दोन्ही बाजूंना केळी. ट्रक भरत होते, ट्रॅक्टर आडवे लागले होते. आमच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला तसा एका ट्रॅक्टरवाल्याने हात करून "थांब जरा" अशी खूण केली. आमच्याकडे केळीची गाडी आणि ॲम्ब्युलन्स समोरासमोर आली तर केळी आधी जातात. ती लवकर पिकतात.

कमल स्ट्रेचरवर झोपून रस्त्याचा हिशेब ठेवत होती. "हाऊ खड्डा कोना आमदारना शे?" गाडीबरोबरच्या मुलीला, म्हणजे नर्सला, हसू आवरेना. तिने इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे कमलची जीभ जरा सैल सुटली होती.

भुसावळच्या अलीकडे गाडी पुलावर चढली. कमल म्हणाली, "तापी उनी का? हात जोड." मी हात जोडले, दोघींसाठी मागणं मागितलं, डोळे मिटून बराच वेळ बसले. नंतर नर्स म्हणाली, "आजी, हा रेल्वेवरचा पूल आहे. तापी मघाशीच गेली." तर ज्या कुठल्या मालगाडीला माझं मागणं पोचलं असेल तिने ते पुढे कळवावं.

जळगाव

इथल्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मोठा आहे, सरकारी आहे, आणि झालेल्या प्रकारात चूक त्यांची नव्हती. चिठ्ठी दाखवली आणि खरोखर लगेच खाट मिळाली. रक्त, छाती, शुगर, सगळं झालं. सुदैवाने एक ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं, ती जागा कमलला मिळाली. "उद्या करू," हाडाचे डॉक्टर म्हणाले. "रात्रीपासून पोटात काही जाऊ देऊ नका."

मी रात्रभर तिच्या तोंडाकडे पाहत बसले. काही जाऊ दिलं नाही.

सकाळी आमचा गाव आला. आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. माणूस दवाखान्यात पडला की त्याला पाहायला जावंच लागतं. न गेलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं राहतं. रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि आजाऱ्याच्या तोंडात काही घातल्याशिवाय परतत नाहीत. केळी वाहायच्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून सगळे आले होते, आणि सगळ्यांच्या पुढे माझी जाऊ सिंधू. तिच्या एका हातात भरताचा डबा, दुसऱ्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं फडकं.

"डबा उघडायचा नाही," मी दारातच सांगितलं. "ऑपरेशन आहे. पोट रिकामं पाहिजे."

"मले कळत नाही का?" सिंधू म्हणाली आणि तिने डबा खाटेखाली सरकवला. शब्दाची पक्की आहे ती. डब्याला हात लावला नाही. मग एक सही करायला मला खाली बोलावलं म्हणून मी गेले.

परत आले तेव्हा भूल देणाऱ्या मॅडम खाटेशी उभ्या होत्या.

"आजी, सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही हो," कमल म्हणाली.

"पाणी, चहा?"

"काहीच नाही."

मीही सांगितलं, "समोर भरीत आहे तरी वास घेऊ दिला नाही."

मॅडम खूश झाल्या. त्या लिहायला लागल्या तेवढ्यात सिंधूला पाहुणचार आठवला. तिने पिशवीतून केळांची फणी काढली आणि मॅडमपुढे धरली. "घ्या मॅडम, घरच्या बागेतली. साखर आहे साखर. कमलबाईंनी आत्ताच दोन खाल्ली, विचारा त्यांले."

मॅडमचं पेन थांबलं. "तुम्ही म्हणालात काही खाल्लं नाही."

"खाल्लं कुठी?" सिंधू म्हणाली. "केळी त होती."

आता हे मॅडमना कसं समजवायचं? त्या नाशिककडच्या. आमच्याकडे केळ हे खाणं नाही. पाहुणा केळी खाऊन गेला तर आम्ही म्हणतो, बिचारा उपाशी गेला. गुरं केळी खातात, माकडं खातात, पोरं रडायला लागली की त्यांच्या हातात देतात. दात घासले का, केळ खाल्लं का, हे आम्ही कुणाला विचारत नाही. आणि कमल? ती सोनगीरची, पण माझ्याकडे राहून तिलाही आमचं वळण लागलं होतं. भूक लागली होती, सिंधूने सोलून तोंडात घातलं, तिने गिळलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं वर येतं, श्वासाच्या नळीत जातं आणि माणूस टेबलावरच संपतो. सिंधूचा चेहरा उतरला. तिने उरलेली फणी लुगड्याच्या पदराखाली लपवली, जणू तिचा पंचनामा होणार होता.

ती जागा दुसऱ्या पेशंटला गेली. हाडाचे डॉक्टर म्हणाले, "आता पुढच्या आठवड्यात. सगळी टेबलं भरलेली आहेत."

"आठवडाभर पडून राहिली तर?" मी विचारलं.

त्यांनी गोड करून सांगितलं नाही, हे बरं केलं. "या वयात पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. मग ऑपरेशन झालं तरी उठतीलच असं नाही."

कमल सगळं ऐकत होती. छताकडे पाहून म्हणाली, "आयकं का अक्का?" सिंधू तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडून केळी वर येणार नाहीत. गप्प बस."

त्याच डॉक्टरांनी थोड्या वेळाने कुठेकुठे फोन केले आणि परत आले. "धुळ्याला दोन दिवसांत करतील. रेफर करतो."

"धुळ्याला?"

"हो. का?"

"मी रावेरला हेच म्हणत होते."

"तेव्हा तुमच्याकडे आमची चिठ्ठी नव्हती ना," ते म्हणाले.

चिठ्ठी इंग्रजीत. मी नर्सकडून वाचून घेतली. पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात पाठवत आहोत, असं होतं. "केळांचं काही लिहिलंय का?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला रकाना नाही आजी."

एरंडोल, पारोळा

जळगाव सुटलं, गिरणा ओलांडली (या वेळी आधी विचारून घेतलं) आणि केळी संपल्या. कपाशी सुरू झाली. काचेच्या वरच्या अर्ध्या भागात कपाशी दिसत नाही, पण कापसाने गच्च भरलेल्या गाड्यांची टोकं दिसतात. ढगांना दोरखंड बांधून कुणी बाजारात नेतंय असं वाटतं.

ऑपरेशन त्या दिवशी नव्हतं. नर्सला विचारून घेतलं आणि डबा उघडला. भरीत थोडं मुरलं की जास्त चांगलं लागतं. मी भाकरीचे तुकडे करून कमलला भरवत होते. पहिला घास गिळून ती म्हणाली, "दाना नही यामा."

"आमच्याकडे दाणे घालत नाहीत. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. बस."

"म्हनीसन आशी चव शे. गरीबना घरनं भरीत."

"तुझा खुबा मोडलाय, तोंड नाही. नको तर ठेव."

"कोन म्हने नको?" म्हणून तिने तोंड उघडलं. पारोळ्याचा किल्ला आला तेव्हा डबा रिकामा होता, आणि समोर ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, "आजी, एक भाकरी राहिली असेल तर?" नव्हती राहिली. त्याचा चेहरा पाहून मला जरा वाईट वाटलं. धुळ्यापर्यंत त्याने एकही खड्डा चुकवला नाही.

धुळे

धुळ्याच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने आधार कार्ड पाहिलं, चिठ्ठी पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"पेशंट सोनगीरची?"

"हो."

"मग जळगावहून कशी आली?"

"पडली रावेरला."

"आपल्या जिल्ह्याच्या पेशंटने आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातून यायचं असतं."

"चुकलं तिचं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी पडताना जिल्हा पाहून पडेल."

मागे उभा असलेला एक डॉक्टर हसला आणि म्हणाला, "घ्या हो, जळगावच्या सरांचा फोन आलाय." मग आम्हाला आत घेतलं. आत जाताना रांग दिसली. त्यात एक माणूस होता, मनगट सुजून दुधीभोपळ्यासारखं झालेलं, गळ्यात बायकोच्या ओढणीची झोळी. तो आमच्या आधीपासून बसलेला होता. त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती. मनात आलं काहीतरी. पण खाट सोडायचं मनात आलं नाही. खाटा सोडणारी माणसं पोथीत असतात.

शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या. लांबच्या नव्हेत, अगदी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून घर. मुलगा लूमवर कामाला. पाय मोडला तेव्हा मुलाने उचलून आणलं, इथे सांगितलं चिठ्ठी आणा.

"फिर क्या," हमीदाबी म्हणाल्या, "रिक्षा किया, गाँव के दवाखाने गये, चिठ्ठी लिये, वापस आये. मेरी छत से ये खिड़की दिखती है बाई, और मैं आधा तालुका घूम के आयी."

"आम्ही पूर्ण जिल्हा फिरलो," मी म्हटलं.

"तो तुम जीती," असं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली शेव मला दिली. तिखट होती. आमच्याकडची शेव खाऊन माणूस पाणी मागतो. धुळ्याची शेव खाऊन वकील मागतो.

इथेही उद्याचं ऑपरेशन ठरलं. आणि इथे सोनगीर जवळ. कमलचा मुलगा रमेश आणि सून ज्योती तर पहिल्याच दिवशी आले. बाकीची भावकी सकाळी येणार हे मी ओळखलं. म्हणून उजाडताच मी एक स्टूल ओढलं आणि वॉर्डाच्या दारात बसले. दाराच्या आत फक्त रमेश आणि ज्योती. बाकी सगळ्यांनी बाहेरून हात दाखवायचा.

एवढ्यावर मी थांबले नाही. जळगावात एक गोष्ट कळली होती. "काही खाल्लं का" हा प्रश्न फुकटचा आहे. प्रत्येक गावात खाणं नसलेलं एक खाणं असतं. म्हणून मी नावं घेऊन विचारत गेले.

"रमेश, खिशात काय आहे?"

"काही नाही मावशी."

"बिस्किट?"

"ते काय, चहाबरोबरचं..."

"दे इकडे. सुपारी?"

तीही निघाली. सोनगीरला सुपारी खाणं नाही. ज्योतीच्या पदराला गाठ होती. "ही काय?"

"देवीचा प्रसाद आहे मावशी. सकाळी नवस बोलले." ती कळवळून म्हणाली, "चिमूटभर साखर-खोबरं. सासूबाईंच्या जिभेवर ठेवते फक्त."

कमलने ते ऐकलं. "अक्का, परसादले नही म्हनू नही."

"ऑपरेशन झाल्यावर खा. देवीला कुठे घाई आहे? तिच्यापुढे काही टेबलं भरलेली नाहीत."

"तू बहीन शे का यमदूत?"

"बहीण आहे. यमदूत असते तर खाऊ दिलं असतं."

हमीदाबी खोकत खोकत हसल्या. त्यांनी आपला पानाचा डबा उशीखालून काढला आणि न सांगता माझ्या हातात दिला. "मेरा भी रख लो. परसों मेरा नंबर है. पान खाना थोड़ी है, पर तुम्हारे से डर लगता है."

ज्योती रागाने बाहेर गेली. मी जाऊ दिलं. तिला वाटलं मी देव मानत नाही. मी देव मानते. भूल देणारे डॉक्टर जास्त मानते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा कमल "काही नाही" म्हणाली आणि तिने डोळे वर करून माझ्याकडे शिव्या दिल्यासारखं पाहिलं. मग तिला नेलं.

बाहेर बाकावर रमेश, ज्योती आणि मी. रमेश सारखा उठून दारापर्यंत जायचा. ज्योती हळूच म्हणाली, "मावशी, त्यांना उठता आलं नाही तरी मी करीन सगळं. मला त्यात काही वाटत नाही."

मी म्हटलं, "तुला वाटत नाही गं. तिला वाटतं."

ज्योतीने गाठ सोडून तो प्रसाद चिमूट चिमूट करून आम्हा तिघांना वाटला. उपाशी आम्हीही होतो. खोबरं खवट होतं, तरी खाल्लं.

दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, "झालं. चांगलं बसलंय."

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारी एक दांडगी मुलगी वॉकर घेऊन आली आणि तिने कमलला उभी केली. कमलने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगी हसत म्हणाली, "द्या आजी, शिव्या देताना पाय नीट पडतो." त्याच मुलीने नियम सांगितले. खाली बसायचं नाही, मांडी नाही, आणि संडास खुर्चीचा. कमलने हे ऐकलं तेव्हा तिला ऑपरेशनपेक्षा जास्त धक्का बसला. "खुर्चीवर बशीसन? सायेब लोके करतंस तशे?"

"रमेश घरी बसवून घेईल," ज्योती म्हणाली.

"माले ते नाटक येत नही."

"शिकशील," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक कागद दिला. टाके काढायला इथे यायचं नाही, खाली तालुक्याला जायचं. म्हणजे चिठ्ठी उतरतेही. गाडीची वाट पाहत होतो. रमेश सामान खाली नेत होता. कमल खाटेच्या कडेला बसून इकडेतिकडे पाहत होती, आणि एकाएकी वॉकर ओढून उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

वॉकर पुढे, पाय पुढे. वॉकर पुढे, पाय पुढे. हमीदाबींनी बोटाने दिशा दाखवली. व्हरांड्याच्या टोकाला खुर्चीचा संडास होता. ज्योती धावली आणि तिने कमलच्या काखेत हात घातला. कमलने कोपराने तो हात काढला. ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, राहू दे. आम्ही दोघी तिच्या मागे मागे चाललो, हात पुढे करून, पोर पहिल्यांदा चालतं तेव्हा चालतात तशा. तिला कळलं असतं तर तिने वॉकर फेकून मारला असता.

ती आत गेली. वॉकर दारात अडकला, तो तिने आडवा करून ओढून घेतला. दार लागलं. कडी वाजली.

ज्योती दाराला टेकून उभी राहिली. मी शेजारी. आतून बराच वेळ काही आवाज नाही. ज्योती घाबरून म्हणाली, "मावशी, हाक मारू का?" मी म्हटलं, थांब.

मग आतून कमलचा आवाज आला, घरी असायचा तसा, खणखणीत.

"कोन उभं शे बाहेर? निंघा तठेन! कोनी कान लाईसन उभं ऱ्हायनं का माले व्हत नही."

आम्ही निघालो.